अफरातफर, अपहार आणि गबन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या घरी एक मराठी आणि एक हिंदी, असे दोन पेपर येतात. हिंदी पेपरात मथळा होता, ‘प्लॅटफॉर्म पर अफरातफरी’. माझा नातू मराठी शाळेत जातो. तो विचारून राहिला, ‘आजी, प्लॅटफॉर्मवर पैसे कोणी खाल्ले?’ मराठीत तर अफरातफर म्हणजे पैशाचीच. मग हा एक शब्द आहे की दोन? आमचे शेजारी पूर्वी गाई-म्हशी पाळायचे. ते म्हणतात, जनावराचं पोट फुगतं त्याला अफरा म्हणतात. पैसे खाऊन पोट फुगलं, ती अफरातफर. हे खरं आहे का?
— एक आजी, महाल

उत्तर : आजी, शब्द एकच आहे. नातवाचा प्रश्न फार नेमका आहे आणि तो नागपूरच्याच मुलाला सुचावा असा आहे. पुण्या-साताऱ्याच्या मुलासमोर हे दोन अर्थ एकाच सकाळी, एकाच टेबलावर सहसा येत नाहीत.

मूळ अरबी आहे. ‘इफ्रात’ म्हणजे अतिरेक, हद्दीपलीकडे जाणं. ‘तफ्रीत’ म्हणजे उणेपणा, हयगय, जिथवर जायला हवं तिथवर न पोचणं. हे उलट अर्थाचे दोन शब्द एकाच धातूतून निघाले आहेत. ‘ना इफ्रात, ना तफ्रीत’ असं म्हटलं की मधला, समतोल मार्ग असा अर्थ होतो. फारसीत दोघांच्या मधे ‘आणि’ या अर्थाचा ‘ओ’ बसला आणि ‘इफ्रात-ओ-तफ्रीत’ अशी जोडी झाली. उर्दूत ती तोंडातोंडी झिजून ‘अफरातफरी’ झाली. कुठे फार जास्त, कुठे फार कमी, कशाचा कशाला मेळ नाही. त्यातून गोंधळ, धावपळ, चेंगराचेंगरी हा अर्थ आला. हिंदीनं तोच ठेवला. प्लॅटफॉर्मवरची अफरातफरी ती हीच.

मराठीत मात्र हा शब्द हिशेबाच्या वहीत जाऊन बसला आणि तिथून उठला नाही. सोबतीला त्याला आपल्याच गोतातले शब्द मिळाले. हिशेब, जमा, खर्च, वसूल, बाकी, खजिना, रक्कम, तफावत हे सगळे अरबी-फारसीतूनच आपल्याकडे आले आणि आज कोणालाही परके वाटत नाहीत. या मंडळींमध्ये ‘अफरातफर’चा अर्थ आखडत गेला आणि पैशाच्या व्यवहारातला, हेतुपुरस्सर केलेला गोंधळ एवढाच उरला. मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. माझ्या मते वहीत हा शब्द इतका घट्ट रुजला, कारण त्याचे दोन्ही तुकडे वहीतल्या लबाडीचं तंतोतंत वर्णन करतात. खर्च असतो त्याहून जास्त दाखवायचा, ही झाली इफ्रात. जमा असते त्याहून कमी दाखवायची, ही झाली तफ्रीत. हे दोन हात कळले की निम्मी अफरातफर कळली. ज्यांनी हा शब्द रुळवला त्यांच्या मनात हा विचार होता असा माझा दावा नाही, पण वह्या तपासताना मला तो शब्द नेहमी असाच ऐकू येई.

‘घोटाळा’ या शब्दाचंही तसंच झालं. माशी गुळाभोवती घोटाळते, मन जुन्या घराभोवती घोटाळतं. एका जागी गिरक्या घेत राहणं हा मूळ अर्थ. त्यातून गुंता, गोंधळ. ‘माझा तारखेत घोटाळा झाला’ असं आपण आजही म्हणतो आणि त्यात चोरीचा लवलेश नसतो. तोच शब्द बँकेच्या नावापुढे आला की मात्र कोणीतरी पैसे गिळले असं आपण गृहीत धरतो. गोंधळासाठीचे दोन शब्द, आणि दोन्ही चोरीच्या दारात जाऊन उभे राहिले. यामागे समाजाचा अनुभव आहे. ज्याला पैसे खायचे असतात तो आधी हिशेब विस्कटतो. व्हाउचर एकीकडे, पावतीपुस्तक दुसरीकडे, रोजकीर्द पेन्सिलीनं लिहिलेली, खतावणी सहा महिने मागे. विस्कटलेल्या हिशेबात हात कोणाचा शिरला ते दिसत नाही. म्हणून ‘ताई, जरा गोंधळ झालाय, बाकी काही नाही’ हे वाक्य कानावर आलं की चांगला लेखापरीक्षक कागद मिटत नाही, नव्यानं उघडतो.

शेजाऱ्यांच्या ‘अफरा’बद्दल. जनावराच्या पोटफुगीला हिंदीत अफरा म्हणतात, आणि आपल्याकडे हिंदी इतकी मिसळली आहे की तो इथल्या गुराख्यांच्या तोंडी असणं साहजिक आहे. पण ‘अफरातफर’शी त्याचं नातं नाही. अफरा पोटाचा मानला तर ‘तफर’ उघडी पडते. तिचा पोटाशी काही संबंध लावता येत नाही. जोडशब्दाची व्युत्पत्ती सांगताना दोन्ही अर्धी लागली पाहिजेत. याच कारणानं ‘तफर’ ही ‘तफावत’मधून आली असं समजणंही चूक. तफावत अरबीच, पण तिचा धातू वेगळा आणि अर्थ नुसता ‘फरक’. शिल्लक आणि वही यांत तफावत निघणं प्रामाणिक माणसाच्या हातूनही होतं. अफरातफर व्हायला मनात काहीतरी असावं लागतं.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांनी देखभाल निधीतले चाळीस हजार रुपये घरच्या कामासाठी वापरले आणि चार महिन्यांनी पूर्ण परत भरले. सभेत एक जण म्हणाला, ‘ही चोरी आहे.’ दुसरा म्हणाला, ‘अफरातफर.’ सचिव म्हणतात, ‘मी उसने घेतले होते, परत दिले, विषय संपला.’ योग्य शब्द कोणता? पैसे परत आले तरी अफरातफर म्हणता येते का?
— एक सभासद, मानेवाडा रस्ता

उत्तर : ‘उसने’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी पळवाट तीच आहे. उसने घ्यायला देणारा लागतो. सोसायटीनं ते दिले होते का? सभेचा ठराव आहे का, समितीच्या इतिवृत्तात नोंद आहे का? नसेल, तर कोणीच न दिलेले पैसे उसने कसे? शेजारच्या वहिनींकडून वाटीभर साखर आणताना आपण आधी हाक मारतो. हाक न मारता डब्यातून काढली आणि आठवड्यानं परत टाकली, तर साखर परत येते, उसनी मात्र ती कधीच नव्हती.

आता तीन शब्दांतला फरक. चोरी, फसवणूक आणि अफरातफर या तिन्हींत पैसा जातो. अप्रामाणिकपणा केव्हा येतो ते पाहावं. चोरीत दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याला न विचारता उचलली जाते, म्हणजे वस्तू हातात येते त्याच क्षणी अप्रामाणिकपणा असतो. फसवणुकीत तो आधीच आलेला असतो: खोटं बोलून तुमच्याच हातानं पैसे काढून घेतले जातात. यालाच आपण कलमाच्या आकड्यावरून चारसोबीस म्हणत आलो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ झालं आहे. अफरातफरीत पैसे सरळ मार्गानं, विश्वासानं, पावती फाडून हातात आलेले असतात. अप्रामाणिकपणा मागाहून येतो. तुमच्या सचिवांच्या हातात निधी योग्य रीतीनं आला होता, म्हणून चोरी हा शब्द इथे बसत नाही. दुसरे सभासद अर्थाच्या अधिक जवळ होते.

परत भरण्याबद्दल कायदा फार स्पष्ट आहे, आणि हे प्रत्येक सोसायटीच्या, गणेशमंडळाच्या, महिला बचत गटाच्या खजिनदाराला माहीत असायला हवं. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४०३, जे आता न्याय संहितेत ३१४ आहे, त्याचं पहिलंच स्पष्टीकरण असं सांगतं की अप्रामाणिकपणे केलेला अपहार तेवढ्यापुरता असला तरी तो अपहारच. सोबत एक उदाहरण दिलं आहे. एका माणसाला दुसऱ्याच्या मालकीची सरकारी वचनचिठ्ठी, म्हणजे पैसे देण्याचं लेखी वचन असलेला कागद, सापडते. ती दुसऱ्याची आहे हे त्याला ठाऊक आहे. तो ती सावकाराकडे गहाण ठेवून कर्ज काढतो, आणि पुढे मालकाला परत करायचा त्याचा इरादाही आहे. तरी गुन्हा झाला. परत करण्याचा इरादा बचावाला येत नाही, कारण मधल्या काळात पैसा बुडण्याचा धोका मालकाच्या माथी आला आणि त्याला कोणी विचारलंही नाही.

लेखापरीक्षणात याला ‘तात्पुरता अपहार’ म्हणतात. ‘तात्पुरता’ या विशेषणामुळे ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. मला ते कधीच वाटलं नाही. बहुतेक मोठे अपहार तात्पुरते म्हणूनच सुरू होतात. पतसंस्थेचा दैनिक ठेव गोळा करणारा माणूस इतवारीतल्या दुकानदाराकडून आजचे पैसे घेतो, त्याच्या पुस्तकात बरोबर लिहितो, संस्थेत भरत नाही. उद्या दुसऱ्याच्या पैशातून पहिल्याचे भरतो, परवा तिसऱ्याच्यातून दुसऱ्याचे. प्रत्येकाचं पुस्तक बरोबर दिसतं आणि खड्डा पुढे पुढे सरकत जातो. असंच हातशिल्लकेचं. वहीत रोख शिल्लक भली मोठी, ती बँकेत का भरली नाही याला उत्तर नाही. ती मोजून दाखवा म्हटलं की किल्लीवाला नेमका गावाला गेलेला असतो. किंवा रक्कम तसलमातीत टाकायची: कोणाला तरी कामासाठी आगाऊ दिल्याचं दाखवायचं आणि वर्षानुवर्षं हिशेबच घ्यायचा नाही. तसलमातीच्या यादीत एकच नाव मार्च उलटूनही तसंच दिसलं, तर सभासदांनी प्रश्न विचारलाच पाहिजे.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि आपल्या शहराच्या आडनावांत तो अजून शिल्लक आहे. चिटणवीस पार्कावरून आपण रोज जातो. फडणवीस, पोतनीस ही आडनावंही ओळखीची. नवीस म्हणजे फारसीत लिहिणारा. मराठी राज्यकारभारात चिटणीस पत्रव्यवहार पाहायचा, फडणीस हिशेब लिहायचा, पोतनीस रोकड सांभाळायचा आणि पोतदार नाणं पारखायचा. लेखणी एकाच्या हातात, थैली दुसऱ्याच्या. तुमच्या सोसायटीत पावती कोण फाडतं, वही कोण लिहितं, पासबुक कोणाकडे असतं आणि धनादेशावर सह्या कोणाच्या, हे सभेत विचारा. चारही उत्तरं ‘सचिव’ अशी आली, तर बदल त्याच सभेत करा. सचिव देवमाणूस असले तरी करा, त्यांच्या भल्यासाठीच करा.

राहिला इतिवृत्तातला शब्द. हेतू अप्रामाणिक होता की नाही हे सभा ठरवू शकत नाही, ते काम न्यायालयाचं. म्हणून ‘सचिवांनी अफरातफर केली’ असं लिहू नका. ‘समितीच्या मंजुरीविना निधीतील रु. ४०,०००/- चा वैयक्तिक वापर’, तारखांसह, एवढं पुरे. त्यात खोटं काही नाही आणि लपवलेलंही काही नाही.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. ‘एम्बेझलमेंट’ला मराठी प्रतिशब्द म्हणून कोणी अपहार, कोणी अफरातफर, कोणी न्यासभंग लिहितं. इंग्रजी शब्दाचा उगम काय आणि त्याला सगळ्यात जवळचा मराठी शब्द कोणता?
— विद्यार्थिनी, रविनगर

उत्तर : इंग्रजी शब्द अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘बेसिले’ या क्रियापदाचा अर्थ नासधूस करणं, उद्ध्वस्त करणं. पुढे गुपचूप काढून घेणं हा अर्थ चिकटला. पण तुझ्या अभ्यासात शब्दापेक्षा त्यामागची गोष्ट जास्त उपयोगी पडेल.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू नेणं. मग मालकानं विश्वासानं सोपवलेली वस्तू नोकरानं लाटली तर? आठव्या हेन्रीच्या काळात, १५२९ मध्ये, अशा नोकरांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तरीही भोक राहिलंच. १७९९ मध्ये लंडनच्या एका बँकेतल्या बेझली नावाच्या रोखपालानं ग्राहकानं भरलेल्या रकमेतली शंभर पौंडांची नोट गल्ल्यात न टाकता खिशात घातली. ग्राहकाच्या खात्यावर रक्कम नीट जमा केली होती. न्यायाधीशांपुढे पेच पडला. नोट बँकेच्या गल्ल्यात पोचलीच नाही, म्हणजे ती बँकेच्या ताब्यात आलीच नाही. जी ताब्यात नाही ती बँकेकडून चोरली कशी? ही चोरी नव्हे असं ठरलं. मालकाच्या वतीनं घेतलेले पैसे नोकरानं खिशात घातले तर तो गुन्हा, असा कायदा संसदेनं त्याच वर्षी केला. ‘एम्बेझलमेंट’ या गुन्ह्याला आजचं रूप त्यातून आलं. नावाच्या आधी माणसाची युक्ती आली आणि तिचा पाठलाग करत कायदा आला.

मराठीत तिन्ही शब्दांची कामं वेगळी आहेत. ‘अपहार’ संस्कृत: अप म्हणजे दूर, हृ म्हणजे नेणं. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’ हे सुभाषित शाळेत ऐकलं असशीलच: उपसर्ग लागला की धातूचा अर्थ बदलतो, जसं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. अपहार त्याच घरातला. मराठीनं पुढे वाटणी केली. माणसाला पळवलं तर अपहरण, पैसा पळवला तर अपहार. ‘न्यासभंग’ हा कायद्याचा शब्द. न्यास म्हणजे विश्वासानं ठेवलेली वस्तू, ठेव. नागपूरकरांना तो सुधार प्रन्यासामुळे ऐकून माहीत असतो, अर्थाकडे मात्र लक्ष जात नाही. पूर्वीचं कलम ४०५, आताचं ३१६, हे याच गुन्ह्याचं. त्यातही पायऱ्या आहेत: साधा न्यासभंग केला तर पाच वर्षांपर्यंत, कारकून किंवा नोकरानं केला तर सातपर्यंत, लोकसेवक किंवा बँकवाल्यानं केला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा. विश्वास जितका मोठा तितकी शिक्षा मोठी, ही रचना मला फार योग्य वाटते.

उत्तरपत्रिकेत एम्बेझलमेंटला ‘अपहार’ लिही, कलमाचं नाव देताना ‘न्यासभंग’ लिही, आणि अशिलाशी बोलताना ‘अफरातफर’ म्हण. त्याला पहिल्या झटक्यात कळेल.

प्रश्न : ‘गबन’ हा शब्द मराठी आहे का? आमच्याकडे कार्यालयात सर्रास म्हणतात, ‘त्यानं गबन केलं.’
— एक कर्मचारी, वर्धमाननगर

उत्तर : मुळात अरबी ‘गब्न’, म्हणजे खरेदी-विक्रीत समोरच्याला नाडणं, किमतीत फसवणं. इस्लामी धर्मशास्त्रात तो आजही व्यवहारातल्या अन्यायकारक नुकसानीसाठी वापरतात. हिंदीत त्याला सोपवलेला पैसा खाण्याचा अर्थ आला आणि प्रेमचंदांच्या १९३१ च्या कादंबरीनं तो घरोघरी नेला. विदर्भात तो हिंदीच्या हातानं आला. बोलताना खुशाल वापरा. मराठी अहवालात मात्र ‘अपहार’ हा रुळलेला शब्द असताना गबन लिहिण्याचं कारण नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत मुदतठेवी परत मिळत नाहीत. आम्ही काही ठेवीदार उपनिबंधकांकडे अर्ज करणार आहोत. एका जाणत्या माणसानं सल्ला दिला, ‘अफरातफर लिहू नका, अनियमितता लिहा, बरं दिसतं.’ काय लिहावं?
— ठेवीदार, सक्करदरा

उत्तर : हा सल्ला मानू नका. अनियमितता म्हणजे नियम न पाळणं. सभेची नोटीस उशिरा काढली, ही अनियमितता. नोंदवही वेळेवर लिहिली नाही, ही अनियमितता. म्हाताऱ्या माणसाच्या निवृत्तीचे पैसे तिजोरीत नाहीत आणि ते कुठे गेले हे कोणी सांगत नाही, याला अनियमितता म्हणणं म्हणजे त्या माणसाचा अपमान आहे. ‘गैरव्यवहार’ त्याहून बरा, पण तोही इतका सैल की त्यात लाच, वशिला, चुकीची निविदा सगळं मावतं. सैल शब्दांच्या अर्जावर सैल चौकशी होते, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलं आहे.

अर्जात ‘ठेवींच्या रकमेच्या अपहाराचा संशय’ असे शब्द घाला. ‘संशय’ हवाच, तो तुमचं रक्षण करतो आणि खराही आहे. कोणा संचालकाला चोर म्हणू नका. त्याऐवजी प्रत्येक ठेवीदाराचा पावती क्रमांक, रक्कम, मुदत संपल्याची तारीख आणि परतावा मागितल्याची तारीख एका तक्त्यात द्या, सोबत पावत्यांच्या छायाप्रती जोडा. मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका, ‘नूतनीकरणासाठी’ म्हटलं तरी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याची मागणी अर्जात स्पष्ट लिहा. कलम ८१ खालचा शेवटचा लेखापरीक्षण अहवाल तुम्हाला पाहायला मिळावा, हेही मागा. लेखापरीक्षकाला अपहार दिसला तर विशेष अहवाल देणं आणि प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवणं त्याच्यावर याच कलमानं बंधनकारक आहे. तो विशेष अहवाल दिला आहे का, हा प्रश्न अर्जात शेवटी वेगळ्या ओळीत विचारा. ठेवीदारांसाठीचा महाराष्ट्राचा १९९९ चा संरक्षण कायदाही आहे. त्याखाली पोलिसांकडे जाण्याआधी हा तक्ता तयार असू द्या, तिथेही तोच लागेल.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घेऊनच परत या.